वजनाची शस्त्रक्रिया आणि 'दोन रात्री, तीन दिवस' : हा आकडा कितपत खरा धरायचा?

डिचोलीचा_धाकटा | १० जुलै २०२५, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. आजवर वाचनमात्र होतो, धागा पहिल्यांदाच काढतोय. चूकभूल सांभाळून घ्या.

माझ्या थोरल्या भावाची बेरियाट्रिक शस्त्रक्रिया ठरली आहे. वय ४७, वजन १३८ किलो, उंची १६८ सेंटिमीटर. रक्तदाबाची गोळी सहा वर्षांपासून, साखरेची चार. घोरणं असं की पत्र्यावर पाऊस कोसळत असला तरी पलीकडच्या खोलीत ऐकू येतं. डॉक्टरांनी स्लीव्ह सुचवली आहे, म्हणजे दुर्बिणीतून जठराचा तीन-चतुर्थांशाहून जास्त भाग कापून काढतात आणि केळ्याएवढी नळी शिल्लक ठेवतात. तारीख ४ ऑगस्ट.

प्रश्न असा. रुग्णालयाच्या काउंटरवरची बाई म्हणाली, 'दोन रात्री, तीन दिवस.' गोवा दर्शनचं पॅकेज विकावं तसं. मी घरी येऊन नेटवरच्या एका कॅल्क्युलेटरमध्ये दादाची सगळी माहिती भरली, तर उत्तर आलं २.१ दिवस. आणि वहिनीच्या माहेरच्या ओळखीतल्या एका गृहस्थांची हीच शस्त्रक्रिया बेळगावात झाली, ते नऊ दिवस आत होते. कुणाचं खरं धरू?

उगाच कुतूहल म्हणून विचारत नाहीये. मला वेर्ण्याला रजा टाकायची आहे, दुकानात बसायला माणूस बघायचा आहे. आणि २७ ऑगस्टला चवथ. आमच्याकडे पाच दिवसांचा गणपती. बाबा गेल्यापासून माटोळी (गणपतीच्या डोक्यावर टांगायची फळाफुलांची चौकट) दादाच बांधतो, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. तोवर तो उभा राहील का, हे आईला हवंय.

---

म्हापसेकार | १० जुलै, रात्री ११.०५

दोन रात्री तीन दिवस, ब्रेकफास्ट धरून की सोडून? (हलके घ्या.)

बाकी खरं सांगू का, कापाकापी कशाला? रोज सकाळी तास-दीड तास चालायला लावा, रात्रीचा भात बंद करा. आमच्या आज्याचं पोट कधी दिसलं नाही.

---

उकडे_तांदूळ | ११ जुलै, सकाळी ७.२०

माझी २०२२ साली झाली. बायपास, हृदयाची नव्हे, जठराची. सांगितले होते तीन दिवस, लागले तीन दिवस. त्याच दिवशी, त्याच डॉक्टरांकडे, माझ्या शेजारच्या खाटेवरच्या बाईंची झाली. माझ्याहून बारीक आणि वयाने लहान. त्यांना सहा दिवस लागले. काही बिघडलं नव्हतं, त्यांना पाणीच जात नव्हतं.

हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं म्हणून सांगते. शस्त्रक्रियेनंतर परीक्षा असते ती पाण्याची. माझ्या नवऱ्याने औषधाच्या बाटलीचं झाकण आणलं होतं, ३० मिलीचं. दर पंधरा मिनिटांनी एक झाकण, तेही एका दमात नाही, चार-पाच घोटांत. झालं की कालनिर्णयच्या मागच्या पानावर एक रेघ. दिवसाला चाळीस रेघा झाल्या तर १२०० मिली. पहिल्या दिवशी माझ्या अकरा झाल्या. तिसऱ्या दिवशी सदतीस, तेव्हा डॉक्टर म्हणाले, जा घरी.

आणि खांदा! पोट कापलंय आणि दुखतोय खांदा. रात्री दोनला मला वाटलं हार्ट अटॅक. नर्स म्हणाली, पोट फुगवायला वायू भरतात ना, त्याने वरचा पडदा डिवचला जातो आणि दुखणं खांद्यात उमटतं. उठवून बोळातून चालवलं. सात फेऱ्या मारल्यावर उतरलं.

---

सरासरीवाला | ११ जुलै, सकाळी ९.५०

धागाकर्ते, तुमचा २.१ हा आकडा आणि बेळगावकरांचे ९ दिवस यांत विरोध नाही. उदाहरण देतो, आकडे माझ्या मनचे.

दहा रुग्ण. आठ जण दोन दिवसांत घरी, एकाला तीन, आणि एकाला गुंतागुंत होऊन चौदा. बेरीज ३३, सरासरी ३.३. आता या दहांत एकालाही ३.३ दिवस लागलेले नाहीत. नऊ जणांना कमी लागले आणि एकाला चौपटीहून जास्त. रुग्णालयातले दिवस हे असेच वाटले जातात. डावीकडे गर्दी, उजवीकडे लांब शेपूट. कॅल्क्युलेटर गर्दी कुठे उभी आहे हे सांगतो. शेपटीत कोण जाणार हे त्याला जवळजवळ ओळखता येत नाही, कारण शेपटीतली माणसं मुळातच थोडी, मग तो शिकणार कशावरून? आणि तुमच्या आईला विचारायचंय ते नेमकं शेपटीबद्दल.

दुसरं. दिवस मोजायला सुरुवात कुठून? बरीच रुग्णालयं आदल्या संध्याकाळी भरती करतात. बिलावर ती रात्र येते, कॅल्क्युलेटरमध्ये बहुधा येत नाही. काउंटरवर हे एकदा विचारा.

तिसरं. ही गणितं ज्यांच्या नोंदींवर बसवलेली असतात ते बहुतेक अमेरिकेतले रुग्ण. तिकडे स्लीव्हनंतर एका रात्रीत घरी पाठवणं सर्रास चालतं. तुमच्या डॉक्टरांनी गेल्या वर्षभरात किती केल्या आणि त्यांतले किती चौथ्या दिवशीही आत होते, एवढं विचारलंत तर त्या २.१ पेक्षा जास्त कळेल. सरासरी विचारू नका.

---

पांढरी_टोपी | ११ जुलै, रात्री ९.१५

वीस वर्षं सर्जिकल वॉर्डात काढली आहेत, त्यातली सहा या शस्त्रक्रियांच्या खाटांवर. ड्यूटी संपवून लिहितेय, त्रोटक वाटलं तर समजून घ्या.

आधी म्हापसेकार. २०२३ साली आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेचा इंडियॅब अभ्यास आला. मधुमेहाच्या प्रमाणात गोवा देशात पहिला, २६.४ टक्के. देशाचा आकडा ११.४. तुमच्या आज्याचं पोट दिसत नव्हतं कारण तो दिवसभर शेतात होता, रात्रीचा भात सोडून नव्हे. १३८ किलोच्या माणसाला 'चाल' म्हणणं सोपं आहे, त्याचे गुडघे तुम्हाला नाहीत.

आता दादा. उंची-वजनावरून बीएमआय जवळजवळ ४९. या शस्त्रक्रियेसाठी धोका मोजण्याची एक जुनी पट्टी आहे, २००७ सालची, बायपासच्या रुग्णांवरून काढलेली. पाच गोष्टींचा एकेक गुण : बीएमआय ५० किंवा वर, पुरुष असणं, रक्तदाब, वय ४५ किंवा वर, आणि फुप्फुसात रक्ताची गाठ जाण्याची शक्यता. दादाचे तीन गुण, म्हणजे मधला वर्ग. गंमत बघा, वजन आणखी साडेतीन किलो असतं तर बीएमआय ५० ओलांडून चौथा गुण पडला असता आणि तो सर्वांत वरच्या धोक्याच्या वर्गात गेला असता. साडेतीन किलोंनी माणूस बदलतो का? आणि ही पट्टी जिवाच्या धोक्याची आहे, दिवसांची नव्हे. लोक ती दिवसांना लावतात म्हणून सांगितलं.

मला स्वतःला कुणी विचारलं की हा किती दिवस राहील, तर मी चार गोष्टी बघते. घोरतो का आणि त्यावर इलाज चालू आहे का. साखर आवाक्यात आहे का. सिगारेट ओढतो का. आणि नंबर कितवा लागलाय.

हसू नका. सकाळी आठचा रुग्ण दुपारी चारला माझ्या हाताला धरून बोळात चालतो. दुपारी चारचा रुग्ण रात्री गुंगीत, तो चालतो दुसऱ्या दिवशी. तिथेच एक दिवस गेला. लवकर चालवणं, लवकर तोंडाने द्रव देणं, गुंगीची औषधं कमी वापरणं, हे सगळं १९९०च्या दशकात हेन्रिक केलेट नावाच्या डेन्मार्कच्या सर्जनने मांडलं. तेव्हा आठवडा-आठवडा खाटेला खिळवून ठेवायचे, ते दिवस त्यामुळे कमी झाले.

घोरण्याबद्दल एक विचारते. झोपेत श्वास थांबतो असं कुणी पाहिलंय?

---

डिचोलीचा_धाकटा | ११ जुलै, रात्री ९.४०

वहिनी म्हणते, हो. मध्येच शांत होतो, मग ती कोपराने ढोसते, मग एकदम हुंदका दिल्यासारखा श्वास घेतो. आम्हाला वाटायचं दमलाय. हे डॉक्टरांना सांगितलेलं नाही.

---

पांढरी_टोपी | ११ जुलै, रात्री ९.५५

उद्याच सांगा. आठ प्रश्नांची एक यादी असते, स्टॉप-बँग म्हणतात. घोरणं, रक्तदाब, बीएमआय ३५ च्या वर, पुरुष, ही चार 'हो' तुमच्या पहिल्या पोस्टमधूनच मिळाली होती. श्वास थांबतो हे पाचवं. पाचपासून पुढे स्लीप अ‍ॅप्नियाचा, म्हणजे झोपेत श्वास थांबण्याच्या आजाराचा, जास्त धोका धरतात. झोपेची तपासणी होईल, बहुधा सीपॅप मशीन देतील, ते मास्कमधून हवा ढकलून झोपेत श्वासाची वाट उघडी ठेवतं. आत्तापासून दोन-तीन आठवडे वापरलं तर सवय होईल, आणि भरती होताना तेच मशीन बरोबर न्यायचं. हे न करता आलेला रुग्ण पहिल्या रात्री ऑक्सिजनच्या आकड्यावर नजर ठेवायला आयसीयूत जातो, आणि तिथून वॉर्डात यायला आणखी वेळ.

साखरेच्या गोळ्यांची नावंही भूलतज्ज्ञांना वाचून दाखवा, 'साखरेची गोळी' एवढं पुरत नाही. त्यातल्या काही तीन-चार दिवस आधी बंद कराव्या लागतात. आपल्या मनाने मात्र एकही बंद करायची नाही.

---

म्हापसेकार | १२ जुलै, सकाळी ८.१०

टोपीताई, कान पकडले. ते मौंजारो का काय, मार्चपासून भारतात मिळतं म्हणतात, सुईने वजन उतरतं. ते घेऊन बघितलं तर? हे मात्र मनापासून विचारतोय.

---

पांढरी_टोपी | १२ जुलै, दुपारी २.३०

रास्त प्रश्न, पण डॉक्टरांना विचारण्यासारखा. औषध चांगलं आहे, पण सोडलं की वजन बऱ्याच अंशी परत चढतं आणि महिन्याचा खर्च चालूच राहतो. ज्यांनी आधीच सुरू केलंय त्यांनी शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञांना सांगायलाच हवं. त्याने पोट सावकाश रिकामं होतं आणि उपाशी आलेल्या माणसाच्याही पोटात अन्न सापडतं.

---

टेबल_नंबर_४ | १२ जुलै, सायंकाळी ६.००

मी एका रुग्णालयाच्या विमा टेबलवर बसतो (कुठल्या ते विचारू नका, खासगी निरोपातही नाही). दिवसांच्या हिशेबात आमचंही योगदान असतं!

विमा नियामकाच्या नियमानुसार वजनाच्या शस्त्रक्रियेचा दावा बसायला वय किमान १८, डॉक्टरांचा सल्ला, आणि बीएमआय ४० किंवा जास्त. नाहीतर ३५ आणि वर हृदयविकार, तीव्र स्लीप अ‍ॅप्निया किंवा आटोक्यात नसलेला मधुमेह असं काहीतरी. शिवाय आधी साधे उपाय करून वजन उतरलं नाही हे दाखवावं लागतं. दादा बसतो. पण आहारतज्ज्ञांचे जुने कागद, वजनाच्या तारीखवार नोंदी आत्ताच काढून ठेवा. ऐन वेळी प्रश्न येतो, मग रुग्ण बरा होऊन कपडे घालून बसलेला आणि आमच्याकडे कागद अडलेला.

२०२४च्या परिपत्रकाप्रमाणे डिस्चार्जची विनंती गेल्यावर तीन तासांत अंतिम मंजुरी यायला हवी, उशिराचा जादा खर्च विमा कंपनीचा. नियम चांगला आहे. तरी डिस्चार्जच्या दिवशी संध्याकाळची कामं ठरवू नका, एवढंच म्हणेन.

---

चोर्लाघाट | १३ जुलै, सकाळी ११.१५

बेळगावच्या गृहस्थांचे नऊ दिवस कशाने झाले हे विचारलंत का? माझ्या सासऱ्यांची दुसरीच शस्त्रक्रिया होती, पण आम्ही घाटापलीकडचे म्हणून डॉक्टरांनी एक रात्र जास्त ठेवलं. 'रात्री काही झालं तर पावसात घाट उतरून येणार का?' म्हणाले. बरोबरच होतं. डिचोलीतून पणजी तासाच्या आत, तुमचा तो दिवस वाचेल.

---

डिचोलीचा_धाकटा | २२ जुलै, रात्री १०.१०

सगळ्यांना देव बरें करूं.

विचारलं. बेळगावच्या गृहस्थांना शिवणीतून गळती झाली होती. दुसऱ्या दिवशी घरी आले, पाचव्या दिवशी ताप आला, परत भरती. म्हणजे ते नऊ दिवस सलग नव्हतेच! दोन अधिक सात. आमच्या नात्यात मात्र 'नऊ' असंच फिरतंय.

झोपेची तपासणी झाली, स्लीप अ‍ॅप्निया तीव्र निघाला. मशीन आलं. पहिल्या दोन रात्री दादाने ते काढून फेकलं, तिसऱ्या रात्री सहा तास झोपला. सकाळी उठून म्हणाला, 'गेल्या दहा वर्षांत मी झोपलोच नव्हतो काय रे?'

कालपासून दोन आठवड्यांचा द्रव आहार सुरू. यकृत आकसावं म्हणून. चरबीने फुगलेलं यकृत जठरावर पसरलेलं असतं, ते बाजूला सरकवून काम करावं लागतं. श्रावण येतोच आहे, मासळी नाहीतरी बंद होणार, असं म्हणून आई त्याची समजूत घालते. तो म्हणतो, श्रावणात निदान भात असतो.

---

सरासरीवाला | २२ जुलै, रात्री १०.३०

'दोन अधिक सात' हे महत्त्वाचं. दिवस मोजणाऱ्या गणितात ते गृहस्थ दोन दिवसांत घरी गेलेले यशस्वी रुग्ण म्हणून नोंदले जाऊ शकतात. परत भरतीचा आकडा वेगळा बघावा लागतो.

---

पांढरी_टोपी | २३ जुलै, सकाळी ६.४५

म्हणूनच घरी गेल्यावर नाडी मोजायला शिका. शांत बसलेला असताना १२० च्या वर, किंवा ताप, किंवा वाढत जाणारं पोटदुखणं, धाप : वाट बघायची नाही, फोन करत बसायचं नाही, गाडी काढायची. गळतीत कित्येकदा ताप नंतर येतो, नाडी आधी पळते.

---

डिचोलीचा_धाकटा | ९ ऑगस्ट, सकाळी ८.३०

दादा काल संध्याकाळी घरी आला. हिशेब मांडतो.

रविवारी संध्याकाळी भरती. सोमवारी सकाळी आठचा नंबर होता. एक तातडीची केस आली आणि दादाला आत घेतलं साडेचारला. (टोपीताई, तुम्ही आठवलात.) रात्री नऊला वॉर्डात, मशीन लावूनच झोपला, आयसीयू टळलं. चालला तो मंगळवारी सकाळी.

मंगळवारी मळमळ. आठ रेघा. हो, आम्हीही झाकण नेलं होतं आणि रेघा मारल्या. बुधवारी एकोणीस. गुरुवारी सकाळी नाडी १०४. नर्सचा चेहरा बदलला. वहिनी रडायच्या बेतात. रक्त तपासलं, स्कॅन केला, गळती नाही. अंगातलं पाणी कमी पडलं होतं. सलाइन लावलं, दुपारी ८४ वर आली. त्या दिवशी पस्तीस रेघा. तरी डॉक्टर म्हणाले आजची रात्र राहू दे.

शुक्रवारी सकाळी साडेनऊला 'घरी जा' म्हणाले. विम्याची मंजुरी चार वाजून दहा मिनिटांनी. टेबल_नंबर_४, तुमचे तीन तास मी त्यांना वाचून दाखवले. त्यांनी मान डोलावली.

तर शस्त्रक्रियेनंतर चार रात्री, बिलावर पाच. काउंटरवाली म्हणाली होती दोन, कॅल्क्युलेटर २.१. नंबर मागे जाणं, मळमळ, कागद, यातली एकही गोष्ट भरायला त्या कॅल्क्युलेटरमध्ये जागा नव्हती.

---

उकडे_तांदूळ | ९ ऑगस्ट, सकाळी ९.००

सुखरूप आला, बरं वाटलं. आता पेजेची निवळ, गाळलेलं डाळीचं पाणी, ताक, डॉक्टरांनी दिलेली प्रोटीन पावडर. दिवसाला ६० ग्रॅम प्रोटीन म्हणतात, सुरुवातीला होत नाही, पण मोजत राहा. सोलकढी पहिले काही आठवडे नको, मी चौदाव्या दिवशी प्यायले आणि रात्रभर जळजळले. उलट्या थांबल्या नाहीत तर घरी अंगावर काढू नका, बी-१ जीवनसत्त्व फार लवकर खाली येतं.

---

म्हापसेकार | ९ ऑगस्ट, दुपारी १२.२०

आणि उर्राक?

---

पांढरी_टोपी | ९ ऑगस्ट, दुपारी ३.०५

ऑगस्टात उर्राक कुठला? आणि उन्हाळ्यातही नको. जठर लहान झाल्यावर दारू पटकन चढते, तुमच्या नेहमीच्या एका पेगात माणूस घरचा रस्ता विसरतो. गॅसवाला सोडाही नको.

धाकट्या, चवथीचं सांगते. पूजेला बसता येईल. कोरडा उपास मुळीच नाही. जड उचलायचं नाही, हात वर ताणून ओढायचं नाही. म्हणजे माटोळी नाही.

---

डिचोलीचा_धाकटा | २८ ऑगस्ट, रात्री ११.३०

काल गणपती बसले. दादा आज १२५ किलो.

माटोळी मी आणि पुतण्याने बांधली. दादा खाली प्लास्टिकच्या खुर्चीत, हातात पाण्याची बाटली. 'नारळाची पेड डावीकडे. डावीकडे म्हटलं ना! मावळिंग मध्ये नको, बाजूला. दोरीला दोन वेढे दे, बाबा दोन द्यायचे.' तीन तास चाललं हे. मध्ये दोनदा उठला, मी दोनदा ओरडलो. चौकट थोडी वाकडी बसली आहे, येणारा प्रत्येक जण बघतो आणि काही बोलत नाही.

जेवताना खतखते मिक्सरमधून काढून चार चमचे. नेवऱ्यांच्या डब्याचं झाकण उघडलं, वास घेतला, लावून टाकलं.

---

उकडे_तांदूळ | २९ ऑगस्ट, सकाळी ७.१०

जीवनसत्त्वांच्या गोळ्या चालू आहेत ना? त्या सोडायच्या नसतात.

---

डिचोलीचा_धाकटा | २९ ऑगस्ट, सकाळी ७.२५

सकाळी विसरतो. वहिनी आता डबी त्या सीपॅपच्या मशीनवरच ठेवते.